नाव कॉमेडीचं, पिक्चर दुसराच

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मागच्या सुट्टीत भाचीला घेऊन एका कॉमेडी पिक्चरचा पुढचा भाग बघायला गेलो होतो, कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. पहिला भाग आमच्या घरी इतक्या वेळा लागलाय की तिला डायलॉग तोंडपाठ आहेत, थेटरला जाताना गाडीत तेच चाललं होतं. सुरुवातीची वीसेक मिनिटं हसलो पण, आणि मग एकदम अंधार, जिना, किंकाळी, आणि तिथून पुढे सगळा पिक्चर खुनाचा. एका सीनला मागच्या रांगेतले दोघं-तिघं सवयीने हसले आणि लगेच गप्प झाले, कारण तो हसायचा सीनच नव्हता. भाचीने माझा अंगठा जो धरला तो इंटरव्हलपर्यंत सोडला नाही. लाइट लागल्यावर एवढंच विचारलं, "मामा, तो मजेवाला काका परत कधी येणार?" काय सांगणार, मेला होता तो तोच.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. कॉमेडीच्या पुढच्या भागाने प्रकार बदलूच नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. तेच तेच जोक परत ऐकवण्यापेक्षा काहीतरी वेगळं करून बघितलेलं केव्हाही चांगलं. पण बदलताना लोक कशाला हसत होते ते तरी ओळखा ना, आणि ते सांभाळा.

'गोलमाल'चंच घ्या. 2006, 2008, 2010 असे तीन भाग नुसती धमाल, आणि 2017 च्या 'गोलमाल अगेन'मध्ये रोहित शेट्टीने थेट भूत आणलं. ऐकलं तेव्हा मला वाटलं झालं, आता हे पण गेलं. पण गंमत बघा, त्यात भुताला सगळ्यात जास्त घाबरतो कोण तर गोपाळ, म्हणजे अजय देवगण, जो आधीच्या भागात कुणी बोट दाखवलं की बोटच मोडायचा. एवढा दांडगा माणूस अंधाराला टरकतो, मग भूत आलं तरी हसू त्याच माणसातून येतं, बाहेरून चिकटवावं लागत नाही. शिवाय घाबरवणं आणि हसवणं तसं जवळचंच काम आहे, दोन्हीकडे आधी ताणायचं, क्षणभर थांबायचं आणि नको तिथे सोडायचं, सगळा खेळ टायमिंगचा. ज्याला एक जमतं त्याला दुसरं जमू शकतं, फक्त आपण कुणाच्या जिवावर हसवतोय ते विसरायचं नाही.

उलटं उदाहरण 'हँगओव्हर' या इंग्रजी पिक्चरचं. 2009 चा पहिला भाग बघितलेल्यांना आठवत असेल, लग्नाआधीची पार्टी करून मित्र सकाळी उठतात तर काल रात्रीचं काही आठवत नाही, नवरदेव गायब, एकाचा दात पडलेला, बाथरूममध्ये वाघ, आणि मग एकेक धागा पकडत रात्र शोधायची. म्हणजे तो मुळातच तपासाचा पिक्चर होता, फक्त तपास करणारे आणि गुन्हेगार तेच. काल आपण काय करून बसलो, या एका प्रश्नावर सगळं हसू उभं होतं. 2013 च्या तिसऱ्या भागात ती हरवलेली रात्रच काढून टाकली. एक गुंड मित्राला पळवतो, अमक्याला शोधून आणा म्हणतो, आणि पाठलाग सुरू. माणसं तीच, नाव तेच, आणि तो प्रश्नच नाही! पिक्चर संपून नावं यायला लागल्यावर एक छोटासा सीन आहे, परत तशीच सकाळ, परत कुणाला काही आठवत नाही. मला तर तेवढ्या सीनमध्येच माझी जुनी माणसं भेटली.

मात्र मला सगळ्यात जास्त लागलं ते 'भूल भुलैया'चं. प्रियदर्शनचा 2007 चा पिक्चर, मूळ कथा 1993 च्या मल्याळम सिनेमाची. पोट धरून हसवत हसवत तो शेवटी सांगतो की भूतबीत काही नाहीये, एका बाईचं मन आजारी आहे आणि तिला तांत्रिकाइतकीच, खरं तर त्याहून जास्त, डॉक्टरची गरज आहे. नवरा बाहेर जायला नको म्हणतो आणि ती बाई, अवनी, स्वतःला मंजुलिका नावाची जुनी नर्तकी समजून बघता बघता पलंग उचलते, तो सीन बघताना आमच्या घरातलं हसणं आजही थांबतं, आणि तिची भीती नाही वाटत, तिच्यासाठी जीव तुटतो. 2022 च्या दुसऱ्या भागात मंजुलिका हे नाव तेच, पण भूत खरोखरचं. नवीन गोष्ट, नवीन माणसं, राजपाल यादवचा छोटा पंडित तेवढा परत, पिक्चर तुफान चालला, मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या भागाने जी गोष्ट इतक्या कष्टाने पटवून दिली होती तिच्या बरोब्बर उलटं त्याच नावाखाली दाखवलं. नाव दुसरं ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

पुढचा भाग मागच्या भागाचं पण काहीतरी करून ठेवतो हे बनवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही का? भाची अजून तो जुना पिक्चर लावते, पण मजेवाला काका आला की माझ्याकडे बघते आणि म्हणते, हा मरतो ना नंतर. आधी या सीनला ती लोळून हसायची.

आता 2024 च्या नियमांनी यूए सर्टिफिकेटचे, म्हणजे मुलांना दाखवायचा की नाही ते पालकांनी बघून ठरवायच्या पिक्चरचे, वयाप्रमाणे 7+, 13+ आणि 16+ असे गट केलेत, ते चांगलंच झालं. आम्ही ते बघायला हवं होतं, नाही बघितलं, पहिल्या भागाच्या भरवशावर गेलो, ती चूक माझीच. पण नुसत्या वयावरून पिक्चर कसला आहे ते कळत नाही, आणि ट्रेलरमध्ये झाडून सगळे हसायचे सीन भरलेले असतात. पोस्टरवर आणि तिकीट काढताना दिसणाऱ्या पानावर 'भयपट' किंवा 'खुनाचं रहस्य' हे दोन शब्द ठळक टाकायला काय हरकत आहे?

आणि एक विनंती तुम्हालाही. आमच्या घरी पिक्चर ठरवण्याआधी पेपरातलं परीक्षण वाचलं जातं. खुनी कोण ते बिलकुल सांगू नका, पण पिक्चरमध्ये खून आहे, लहान मूल घाबरेल, एवढं पहिल्या चार ओळींतच येऊ द्या, कारण शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोचायच्या आत आमची तिकिटं काढून झालेली असतात.

आपला,
एक नियमित वाचक