गोळ्या न्यायला येणारी माणसं बोलायला येतात

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

राजारामपुरीत आमचं मेडिकलचं दुकान आहे, मी आणि मिस्टर दोघं मिळून चालवतो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं काउंटरच्या आतल्या बाजूनं जे दिसतंय तेवढंच लिहिते. आपल्या पेपरात आरोग्याच्या पानावर मीठ कमी खा, चालायला जा, शुगर तपासा हे नेहमी येतंय आणि ते बरोबरच आहे, पण माणसाला माणूस लागतंय ही गोष्ट त्या पानावर कधी दिसत नाही, ती येते रविवारच्या पुरवणीत सुविचारासारखी. ती आरोग्याच्याच पानावर यायला पाहिजे, म्हणून हे पत्र.

आमच्याकडं बीपीच्या गोळ्या महिन्याच्या एकदम घेतल्या तर डिस्काउंट आहे. तरी चार-पाच आजी-आजोबा असे आहेत की एकच स्ट्रिप नेणार आणि संपली की परत येणार. मिस्टर म्हणतात पैशाची अडचण असेल. अडचण कसली, एकांचा मुलगा जर्मनीत आहे आणि दुसऱ्यांची पेन्शन आमच्या महिन्याच्या गल्ल्यापेक्षा जास्त असेल. त्यांना यायचं असतंय, बस्स. पाऊस किती झाला, पंचगंगेचं पाणी कुठंपर्यंत आलं, गुडघ्याला कुठलं तेल चांगलं, असं दहा मिनिटं बोलतात, मागं गिऱ्हाईक उभं राहिलं की बाजूला सरकतात पण जात नाहीत. होम डिलिव्हरी देतो म्हटलं तर एक आजी चक्क रागावल्या, मग मी बाहेर कशाला पडायचं म्हणाल्या.

आता हे नुसतं हळवेपण नाही हो. अमेरिकेतल्या ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली 148 अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात तीन लाखांवर माणसांची माहिती होती, आणि निघालं काय तर ज्यांची माणसांशी नाती घट्ट त्यांची जगण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा जवळपास 50 टक्क्यांनी जास्त. हार्वर्डवाल्यांचा एक अभ्यास तर 1938 पासून चाललाय, तीच माणसं तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत तपासत गेले. पन्नाशीला जी माणसं आपल्या नात्यांत समाधानी होती तीच ऐंशीला जास्त ठणठणीत निघाली, कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून एवढा अंदाज येत नव्हता. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आम्हीच विकतो, म्हणजे स्वतःच्याच धंद्याच्या विरोधात बोलतेय, पण गोळ्या बंद करू नका बरं का कुणी. आणि हेही सांगते की त्या अभ्यासात सुरवातीला सगळे पुरुषच होते, बायकांना फार उशिरा घेतलं. ते वाचून मला आपल्या गावाचीच आठवण झाली, का ते पुढं सांगते.

हे शरीरात कसं होतं तेही अवघड नाही. सारखी काळजी आणि एकटेपण असलं की ताणाची हार्मोन्स खाली येत नाहीत, बीपी चढं राहतंय, झोप तुटते. आणि साधी गोष्ट, ज्याला विचारणारं कुणी आहे त्याच्या गोळ्या चुकत नाहीत, छातीत दुखलं तर त्याला गाडीत घालून नेणारं कुणीतरी असतंय.

पण घरात माणसं भरपूर म्हणजे सगळं बरं, असं पण नाही. अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातल्या, 2005 साली छापून आलेल्या एका अभ्यासात 42 नवरा-बायकोंच्या जोड्यांच्या हातावर मुद्दाम बारीक फोडांच्या जखमा करून त्या किती दिवसांत भरतात ते बघितलं, तर ज्यांच्यात सारखी टोमणेबाजी आणि वैर होतं त्यांच्या जखमा बाकीच्यांच्या साधारण 60 टक्के वेगानंच भरल्या. हे वाचलं तेव्हा मला काय नवल वाटलं नाही, कारण जागेच्या वाटणीवरून दोन भावांचं बिनसलं की वर्षभरात दोघांच्याही घरनं अ‍ॅसिडिटीची आणि झोपेची प्रिस्क्रिप्शनं यायला लागतात, आणि एकेक सून अशी येते की पित्ताची गोळी मागते पण तिला पित्त झालेलंच नसतंय. तिला शेजारणीकडं जाऊन मन मोकळं करायला अर्धा तास पाहिजे असतोय आणि तोच मिळत नाही.

आता गावाचं बोलते. आपल्या कोल्हापूरला माणसं जोडायचं कुणी शिकवायला नको. पेठापेठांत तालीम आहे, आणि तालीम म्हणजे नुसती कुस्ती राहिली नाही, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची टीम तिची, गणपती तिचा, मयताला चार खांदे पण तिथलेच. 2019 च्या पुरात शाहूपुरी कुंभार गल्लीत, सुतारवाड्यात पाणी घुसलं तेव्हा कुठल्या घरात म्हातारं माणूस आहे हे पोरांना यादी न बघता माहीत होतं. शिकागोत 1995 च्या जुलैत उन्हाच्या लाटेनं सातशेच्या वर माणसं गेली, त्यात एकटी राहणारी वयस्कर माणसं खूप होती, आणि ज्या गरीब वस्त्यांत रस्त्यावर दुकानं, वर्दळ होती तिथं तेवढ्याच गरीब पण ओसाड वस्त्यांपेक्षा माणसं कमी दगावली. म्हणजे ओळखपाळख हीसुद्धा आपत्ती व्यवस्थापनच झालं की.

पण साहेब, हे सगळं पुरुषांचं आहे. कट्टा पुरुषांचा, तालीम पुरुषांची, रात्री गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला उभं राहून गप्पा मारणारे पण बहुतेक पुरुषच. बाईनं कट्ट्यावर बसलेलं कुणी बघितलंय का? तिला भिशी, हळदीकुंकू आणि भजनी मंडळ, तेही सासूबाईंची तब्येत बरी असली तर. त्यात आता निम्मं गाव अपार्टमेंटमध्ये गेलंय. आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली दोन बाकडी होती, संध्याकाळी चार बायका बसायच्या, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की टाईमपास होतोय आणि गाड्या लावायला जागा नाही, काढली बाकडी. आता तिथं एक बुलेट उभी असते, तिचा मालक पुण्यात आहे.

म्हातारी माणसंच एकटी असतात असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 च्या जूनमध्ये जो रिपोर्ट काढला त्यात दर सहा माणसांत एकाला एकाकीपणाचा त्रास आणि त्यापायी वर्षाला अंदाजे 8 लाख 71 हजार मृत्यू असं म्हटलंय, आणि एकाकी वाटण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त टीनएजर पोरांत आहे. क्लाससाठी चंदगड-आजऱ्याकडनं येऊन इथं कॉट बेसिसवर राहिलेली पोरं-पोरी बघितली की पटतंय, डोकं दुखतंय म्हणून गोळी मागतात, विचारलं जेवलास का तर डोळ्यात पाणी येतं पोराच्या.

म्हणून माझं तालीम मंडळांच्या कार्यकर्त्यांना एवढंच सांगणं आहे की तुमचे हॉल दुपारी दोन ते पाच बहुतेक रिकामेच असतात, आठवड्यातनं दोन दिवस ते बायकांना आणि वयस्कर माणसांना उघडून द्या. कार्यक्रम नको, सत्कार नको, पाहुणे आणि फ्लेक्स तर अजिबात नको, नाहीतर पहिल्याच दिवशी भाषणात दोन तास जातील. सतरंज्या, पंखा, पाण्याचा माठ आणि बायकांसाठी स्वच्छ बाथरूम, एवढं पुरे. पत्ते खेळू देत, शेंगा सोलू देत, नुसतं बसू देत. आणि सोसायटीच्या चेअरमन लोकांनी बाकडी परत ठेवावीत, बुलेट बाहेर लावता येते.

येत्या गणपतीच्या आत एका जरी तालमीनं हे सुरू केलं तर दर गुरुवारी बीपीचं मशीन घेऊन मी येते, फुकट तपासते. त्या वेळात दुकान मिस्टर बघतील, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर