दामाजीपंतांच्या मुलखात एक चावी सापडत नाही

माननीय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

विषय : बचत गटांच्या विक्री केंद्राचे कुलूप

मंगळवेढ्याच्या ज्वारी पट्ट्यातील एका बाजारगावात आम्ही बारा जणी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून विकतो. दोन वर्षांपूर्वी बाजारतळावर बचत गटांसाठी विक्री केंद्र बांधले गेले, फीत कापली गेली, नारळ माझ्या हातून फोडून घेतला आणि पुढच्या बाजारी गाळा आमच्या ताब्यात येईल असे भरसभेत सांगण्यात आले. त्यानंतर शंभर तरी बाजार भरले असतील.

गेल्या बाजारी पाऊस आला. मालदांडी ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, रात्रभर चुलीच्या धगीला वाळवावी तेव्हा कुठे ती पापडासारखी कडकडीत होते, आणि सादळायला तिला एक सर पुरते. दीडशे भाकरी पाटीतच मऊ पडल्या. दहा रुपयांना एक याप्रमाणे दीड हजार गेले, सरपण आणि माझे भाजलेले तळहात वेगळे. ज्या गाळ्याच्या पायरीवर आम्ही पदराने पाट्या झाकून उभ्या होतो, त्याचे शटर नेमके तेव्हाच उघडले आणि आत सिमेंटची पोती कोरडीठाक रचलेली दिसली. सिमेंट भिजू नये ही काळजी आम्हाला समजते. चावी कार्यालयात मागितली की ती ठेकेदाराकडे असते आणि ठेकेदाराकडे मागितली की कार्यालयात असते. त्या कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढचा अर्ज घेऊन मला त्याच दारात उभे राहायचे आहे.

येथील ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्या वर्षी स्थानिक उत्पादनांना चालना देण्याच्या एका बैठकीला मला बोलावले होते. टेबलावर कंपनीची बिस्किटे होती आणि माझ्या पिशवीतली भाकरी मी तशीच परत आणली. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत गटातील प्रत्येक सदस्याला चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवल मिळू शकते, म्हणजे आमचे बारा जणींचे ४ लाख ८० हजार होतात. प्रत्यक्षात आमच्या हाती आला तो अर्जाची पोच म्हणून मिळालेला एक कागद, त्यावरचा शिक्काही अस्पष्ट. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आमचा माल हातोहात खपतो, परंतु बाजार म्हणजे वर्षातून एकदा फोटो काढण्याची जागा नव्हे, हे आपल्या एकूण व्यवस्थेला कोण सांगणार? योजना मोठ्या फलकावर लिहायची, लाभार्थीने मात्र रांगेत उभे राहून स्वतःची गरिबी दर वेळी नव्याने सिद्ध करायची, आणि याला सक्षमीकरण म्हणायचे!

दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे लोकांसाठी खुली केली, असे आमच्याकडे लहान मुलेही सांगतात. त्यांनी त्यासाठी मंजुरी मागवली असती तर ती बहुधा अद्याप विचाराधीन असती. आम्ही कोठार मागत नाही. दहा बाय बाराचा एक गाळा, तोही आमच्याच नावाने बांधलेला, एवढेच आमचे मागणे आहे.

सिमेंट हलवून चावी द्यावी; ते जमत नसेल तर निदान ती नेमकी कोणाच्या खिशात आहे एवढे लेखी कळवावे. पुढचा बाजार मंगळवारी आहे आणि आभाळ आजही भरलेलेच आहे.

आपली नम्र,
एका महिला बचत गटाची अध्यक्ष