मातीतल्या पोरी मॅटवर उतरवताना

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून पोरींना मॅटवरच्या कुस्तीला घेणार म्हणालीस, म्हणून हे लिहितोय. मातीत घुमलेल्या पोरी आहेत, दम आणि मान तयार असणार. त्रास होईल तो मातीतल्या पक्क्या सवयींचा.

पहिली सवय हाताची. मातीत अंगाला माती चोळली की घामातही पकड राहते. मॅटवर मनगट साबणासारखं निसटतं, म्हणून पट काढला, म्हणजे पाडायला समोरचीचे पाय कवळ्यात धरले, की हात एकमेकांत अडकलेच पाहिजेत. एक तळवा वर, एक खाली, चारही बोटं आकड्यासारखी, अंगठा बोटांना चिकटलेला. बोटांत बोटं गुंफू देऊ नको. समोरची अंगावर बसली की ती मोडतात. मातीत जांघिया धरायची सवय असते, मॅटवर कॉस्च्यूम धरणं चुकीचं. हात तिकडे गेला की लढत थांबव आणि पुन्हा सलामीपासून सुरू कर.

खडाखडीत, म्हणजे उभ्या झटापटीत, पोरी ताठ उभ्या राहतात, मानेवर हात टाकून वाट बघतात. मॅटवर अशीला लगेच पट लागतो. गुडघे वाकव, कोपरं बरगड्यांना, नजर समोर. तीस सेकंद नुसतं सरकायचं, पायावर पाय ओलांडायचा नाही. असं सहा वेळा. चूक एकच होते, गुडघ्याऐवजी कंबर वाकते. मग डोकं खाली जातं आणि समोरची मान दाबून तोंडावर पाडते. एकेरी पटातही (एकच पाय धरतो तो) तेच बघ: कान तिच्या बरगडीला चिकटला पाहिजे आणि मागचा पाय लगेच उभा राहिला पाहिजे. गुडघ्यावर रेंगाळली की मान अडकली.

सगळ्यात जास्त वेळ पाठ वाचवायच्या सरावावर घालव. मातीत चितपट झाली तरच कुस्ती जाते, म्हणून पोरी बिनधास्त पाठीवरून लोळून सुटतात. मॅटवर पाठ नुसती मॅटकडे वळली तरी समोरचीला २ गुण. एका भारंदाजाला (खालचीच्या कंबरेला मिठी घालून तिला फिरवतात तो डाव) २, असे पाच लागले की १० गुणांच्या फरकानं कुस्ती संपली. म्हणून खाली गेल्यावर छाती मॅटला, कोपरं आत, पाय फाकलेले, कंबर दाबलेली. वरचीनं वीस सेकंद फिरवायचा प्रयत्न करायचा, मग आलटून पालटून. ढाकेला, म्हणजे समोरचीला कंबरेवरून फेकायच्या डावाला, मात्र बंदी घालू नको. अंतर ठेवून मारली तर आपलीच पाठ आधी जाते आणि गुण जातात. छातीला छाती भिडवून कंबर पूर्ण आत घातली तर ढाकेसारखा डाव नाही. मला तो मॅटवरही टिकलेला हवा आहे.

कडेचा रंगीत पट्टा त्यांना दिसतच नाही. बाहेर पाय गेला की १ गुण जातो, म्हणून आठवड्यातून एकदा फक्त त्या पट्ट्यात लढती लाव. लहान वयोगटाची कुस्ती दोन-दोन मिनिटांची, मध्ये ३० सेकंद. सरावही घड्याळ लावूनच.

डाव स्वतः करून दाखवू नको. तुझ्या वजनानं अर्धवट डावही लागतो आणि पोरींना चूक दिसत नाही. सारख्या वजनाच्या दोघींकडून सावकाश करून घे.

कान सुजून मऊ लागला तर एक-दोन दिवसांतच डॉक्टरांकडून पाणी काढून घे. नंतर तो घट्ट होतो. गोल, खाजरा, कडेला लाल चट्टा दिसला तर नायटा समज आणि बरा होईपर्यंत त्या पोरीला लढतीला घेऊ नको. वजन गाठायला पाणी तोडायचं नाही, कुणाचे आईवडील म्हणाले तरी नाही.

मातीही सोडू नको. आठवड्यातून दोन दिवस तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरव, मानेचं आणि पंज्याचं बळ तिथंच येतं. मात्र मॅटवर यायच्या आधी पाय धुवायला लाव. आणि मॅटच्या जोडांवरची चिकटपट्टी रोज सकाळी हातानं चाचपून बघ. ती सुटली की पायाची बोटं त्याच फटीत अडकतात.

तुझे आबा