डाउन सिंड्रोम फक्त लहान मुलांना नसतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दरवर्षी २१ मार्चला जागतिक डाउन सिंड्रोम दिवस असतो (या जन्मजात स्थितीत पेशींमधल्या २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात म्हणून तिसऱ्या महिन्यातली २१ तारीख), तेव्हा दोन पायांत दोन वेगळे मोजे घातलेल्या गोड लहान मुलांचे फोटो येतात, बघून बरं वाटतं, पण मला दरवेळी हेच वाटतं की मोठी झालेली मुलं या फोटोंत का नसतात? माझा धाकटा भाऊ ४३ वर्षांचा आहे आणि त्याला सांभाळणारी आमची आई ७४ची.

१९८०च्या दशकात डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास धरलं जायचं, आता चांगले उपचार मिळतात तिथे ते ६०च्या घरात गेलंय, हृदयाच्या ऑपरेशनचा त्यात मोठा वाटा आहे कारण जवळपास निम्म्या बाळांना जन्मतःच हृदयाचा दोष असतो. म्हणजे ही माणसं आता म्हातारी होतायत आणि आपली तयारी मात्र अजून बालवाडीपाशीच अडकलीय.

तीन वर्षांपूर्वी भाऊ एकदम गप्प झाला. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं हे घरातलं त्याचं काम, कडेला कड जुळवून, दुसऱ्या कोणी घातलेली घडी तो मोडून परत घालणार. ते त्याने सोडलं. नुसता बसून राहायचा, हाक मारली तरी वळायचा नाही. डॉक्टरांकडे नेलं तर त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, अशा लोकांचं वय झालं की असंच होतं. आम्ही पण मान हलवून घरी आलो, त्याचा मला आजही त्रास होतो. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कान तपासले. थायरॉइड पार मंदावलेलं आणि दोन्ही कान मळाने गच्च! गोळ्या सुरू झाल्या, कान साफ केले, आणि चार महिन्यांनी बघते तर माझी घडी मोडून परत घालतोय. मी तिथेच रडले.

सगळ्यांना तोंडपाठ असायला पाहिजे ते हेच. थायरॉइड दरवर्षी तपासा, कान-डोळे नियमित दाखवा, घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा. अल्झायमर यांना लवकर होऊ शकतो हे खरंय, त्याच्याशी संबंध असलेल्या एका प्रथिनाचं जनुक याच २१व्या गुणसूत्रावर आहे. पण माणूस बदलला की लगेच तिथे पोचायचं नाही, आधी थायरॉइड, कान, झोप, नैराश्य बघायचं. आणि डॉक्टरांनो, प्लीज, पेशंट समोर बसलाय, आधी त्याला विचारा. उत्तराला वेळ लागतो, थांबा जरा.

आता आईबद्दल. तिने गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंय, कारण एकच, मग याच्याकडे कोण बघेल. लोक चांगले आहेत, "काही लागलं तर सांगा" म्हणतात, पण आईसारखी बाई कधीच सांगत नाही हो! आमच्या शेजारच्या ताई तसं म्हणाल्या नाहीत, त्या म्हणाल्या रविवारी चार ते सहा मी याच्याशी पत्ते खेळायला येणार, आणि येतात. त्या दोन तासांत आई चक्क झोपते. असे दोन तास कुणाला देता येत असतील तर दिवस आणि वेळ ठरवून द्या.

आमच्यानंतर कोण, हा प्रश्न प्रत्येक घरात आहे आणि मोठ्याने कुणी बोलत नाही. आम्ही निदान एक वही केलीय. त्यात गोळ्यांच्या वेळा आहेत, मिक्सरच्या आवाजाला तो घाबरतो हे आहे, दुखलं तर तो सांगत नाही, नुसता त्या जागेवर हात ठेवून बसतो हेही आहे, कारण नवीन माणसाला हे कसं कळणार. लिहिताना भाऊ शेजारीच होता, आमचं झाल्यावर म्हणाला आता माझं लिही. शेवटच्या पानावर त्याने सांगितलेलं जसंच्या तसं आहे: "शर्टाची बटणं मी लावणार. वेळ लागेल. कुणी हात लावायचा नाही."

आपली,
एक वाचक, त्याची मोठी बहीण