‘पुन्हा घालतील’ हा हिशेब चुकीचा

नदीतल्या रेतीवरून पक्ष्यांची अंडी उचलणाऱ्याला हटकले की उत्तर ठरलेले: ‘पक्षी पुन्हा घालतील ना!’ घालतात, हे खरे. प्रश्न वेळेचा आहे. वैनगंगेसारख्या नद्यांच्या रेतीबेटांवर नदीसुरय हे पक्षी मुख्यतः मार्च ते मे या काळात वीण करतात. घरटे म्हणजे रेतीतला उथळ खळगा, त्यात दोन-तीन अंडी. ती उबायला साधारण तीन आठवडे आणि पिल्ले उडायला आणखी चार. एप्रिलअखेर अंडी गेली, तर दुसऱ्या खेपेची पिल्ले पंखात बळ येण्याआधीच पावसाळ्यात सापडतात. पूर आला की बेटासकट जातात.

उचललेल्या अंड्यांपेक्षा मागे राहिलेल्यांचे हाल जास्त. माणूस बेटावर चढला की सगळी वसाहत एकदम उठते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, रेती त्याहून तापलेली. भर दुपारी नर-मादी अंड्यांवर सावली धरून बसतात, पोटाची पिसे भिजवून येतात. ती सावली हटली की अंड्यातला जीव शिजतो. उघडी पडलेली अंडी कावळे पळवतात ते वेगळेच.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरलॉन बेटांवर हे धंदा म्हणून झाले. १८४९ नंतर सोन्याच्या ओढीने शहर फुगले, कोंबडीची अंडी पुरेनात, म्हणून ‘मर’ या समुद्रपक्ष्याची अंडी बोटींनी येऊ लागली. गोळा करणारे आधी दिसतील ती सगळी अंडी फोडत, म्हणजे पुढच्या फेरीला ताजीच मिळत. मर उघड्या खडकावर एकच अंडे घालतो. तो उठला की सीगल ते पळवत. काही दशकांत वसाहत पार रोडावली. असे पक्षी दीर्घायुषी असतात, त्यामुळे पिल्ले निघेनाशी झाली तरी बेट कित्येक वर्षे गजबजलेलेच दिसते. म्हणून मोजणी करणाऱ्यांनी थवे मोजून समाधान मानू नये, उडती झालेली पिल्ले मोजावीत.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे, घरटी विस्कटणे हेही ‘शिकार’ या व्याख्येत येते. वन विभागाने वीण असलेल्या बेटांलगतच्या घाटांवर मार्च ते जून तशा पाट्या लावाव्यात, तिथला रेतीउपसा आणि गुरे-कुत्र्यांची ये-जा थांबवावी. फोटोवाल्यांनीही बेटावर उतरू नये, काठावरूनच भागवावे. चुकून उतरलात आणि सुरय ओरडत डोक्यावर झेपावू लागले, तर पुढे जाऊ नका. अंडी रेतीच्याच रंगाची असल्याने पायाखाली येतात. आपल्याच पाऊलखुणांवरून मागे फिरा.

– काही पक्षीनिरीक्षक, नागपूर