जखमी शिकारी पक्ष्यांच्या उड्डाण-पिंजऱ्यासाठी आवाहन

नाशिककर बंधू-भगिनींनो, सस्नेह नमस्कार.

संक्रांत सरली की पतंग खाली येतात. मांजा मात्र झाडांवर आणि तारांवर लटकत राहतो, आणि त्यात अडकलेल्या घारी आमच्या पक्षी-उपचार केंद्रात उन्हाळ्यापर्यंत येत राहतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरीही भोगी, संक्रांत आणि करीला शहरात व येवल्यात आसारीवर (मांजाच्या फिरकीवर) काय गुंडाळलेले असते, हे वेगळे सांगायला नको. घारींखेरीज द्राक्षबागांवरील जाळ्यांत गुरफटलेली गव्हाणी घुबडे आणि तारांवर आदळलेले शिक्रेही येतात.

मांजाची जखम बहुधा खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेल्या कातडीच्या पडद्यावर होते. वरवर तो साधा चिरा दिसतो. पण पंख ताणून धरणारी कंडरा त्याच पडद्याच्या कडेने जाते आणि ती तुटली की टाके भरून आले तरी पंख पुरता उघडत नाही. पशुवैद्य आपले काम चोख करतात. आमची खरी अडचण त्यानंतर सुरू होते. लहान पिंजऱ्यात महिनाभर बसलेल्या घारीचे छातीचे स्नायू झिजतात, जाळीवर आपटून पिसे मोडतात आणि एकाच कठीण दांडीवर बसून तळव्यांना फोड येतात. अशी घार सोडणे म्हणजे तिला उपाशी मरायला सोडणे होय.

म्हणून वन विभागाच्या परवानगीने चालणाऱ्या आमच्या केंद्रात, सोडण्यापूर्वी पक्ष्यांना उडण्याचा सराव करता येईल असा लांब उड्डाण-पिंजरा उभारायचा आहे. त्याला तारेच्या जाळीऐवजी उभे बांबू आणि बसायला काथ्या गुंडाळलेल्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या असतील. यासाठी धनादेशाने अथवा बँकेमार्फत देणगी द्यावी. रोख रक्कम स्वीकारली जात नाही आणि प्रत्येक देणगीची पावती मिळेल. बांबू, शेडनेट, काथ्या व जुन्या सुती चादरीही चालतील. जिल्ह्यातील अंडी उबवणी केंद्रांनी टाकून द्यावी लागणारी नर पिल्ले आम्हाला द्यावीत, ही विशेष विनंती. कारण या पक्ष्यांना हाडे-पिसांसकट अख्खे भक्ष्य लागते, नुसत्या मांसावर त्यांचे भागत नाही.

जखमी पक्षी आढळल्यास त्याच्यावर कापड टाकून हवेशीर खोक्यात अंधारात ठेवावे आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. चोचीत पाणी ओतू नये, दूध-पोळी तर मुळीच देऊ नये. मायेपोटी घरी आठवडाभर दूध-पोळीवर ठेवलेल्या पिंगळ्याच्या छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागते. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार असा पक्षी घरी ठेवणे हा गुन्हा आहे.

देणगीदारांना पक्षी पाहू देण्याची आमची पद्धत नाही, याचा कृपया राग मानू नये. माणसाला सरावलेला पक्षी सोडल्यावर पुन्हा माणसाच्याच हाती लागतो. पिंजरा येत्या संक्रांतीपूर्वी तयार व्हायला हवा, तेव्हा मदत दिवाळीपर्यंत पोहोचवावी.

आपले,
कार्यकारी मंडळ