गाणी छापली, पण गाणी करणाऱ्यांची नावं कुठायत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत नव्वदच्या दशकातल्या पॉप गाण्यांवर पान आलं ते आमच्या घरात सगळ्यांनी वाचलं, धाकटा तर मोबाईलवर एकेक गाणं लावून बघत बसला, त्यासाठी आधी थँक्स. फोटो पण झकास होते. पण एक गोष्ट खटकली. अख्ख्या पानात गायकांची नावं आहेत, व्हिडिओतल्या मॉडेलची आहेत, मिलिंद सोमण खोक्यातनं बाहेर येतो हे पण आहे, आणि 'मेड इन इंडिया'ला चाल कुणी लावली ते मात्र कुठंच नाही.

ती बिद्दूनं लावली. धाकट्यानं लगेच विचारलं, पप्पा हा बिद्दू कोण? कोण म्हणजे, बिद्दू अप्पय्या, मूळ कोडगूच्या लोकांतला, जन्म बेंगळूरचा, म्हणजे आपल्याच राज्याचा की (आपलं राज्य कुठलं यावर आमच्या गल्लीत लगेच भांडण लागेल, ते इथं नको). तरुणपणी बेंगळुरात बँडमध्ये वाजवायचा, मग लंडनला गेला आणि 1974 मध्ये कार्ल डग्लस या गायकाचं 'कुंग फू फायटिंग' यानंच केलं, ते इंग्लंड-अमेरिकेत दोन्हीकडं एक नंबरला गेलं. गंमत म्हणजे ते रेकॉर्डच्या बी साइडला, म्हणजे मागच्या बाजूला टाकायचं म्हणून घाईघाईत केलेलं गाणं. नंतर 1980 मध्ये 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई', नाझिया हसन तेव्हा शाळेतली पोरगी, त्या पिक्चरच्या बाकीच्या गाण्यांचं म्युझिक कल्याणजी-आनंदजींचं म्हणून हे पण त्यांचंच असं लोक अजून धरून चालतात. तो पिक्चर काढणारा फिरोज खानही बेंगळूरचाच. मग 1981 ला 'डिस्को दिवाने', आणि 1995 ला अलीशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया'. एवढं सगळं एका माणसाचं, आणि पुरवणीत एक ओळ नाही!

लकी अलीचं पण तसंच. 1996 चा 'सुनो', त्यातलं 'ओ सनम', इजिप्तचे पिरॅमिड वगैरे सगळं आलंय तुमच्या लेखात, पण ते शब्द लिहिणारा अस्लम नूर नाही आला. आणि आशाताईंनी साठी ओलांडल्यावर 'जानम समझा करो' म्हटलं याचं कौतुक केलंत, करायलाच पाहिजे, सांगलीच्या आहेत, पण ते गाणं ज्यानं केलं त्या लेस्ली लुईसला गाळलं.

मला ही नावं पाठ आहेत ती काय मी लई शहाणा म्हणून नाही. खडेबाजारात कॅसेटी मिळायच्या, पैसे साठवून एखादी ओरिजिनल घ्यायची आणि घरी आल्यावर आतला तो घडीचा कागद उलगडून बसायचं. दोन-तीन घड्या, गुळगुळीत, बारीक अक्षरं, गीत, संगीत, गिटार कुणाची, तबला कुणाचा, सगळं छापलेलं असायचं. बाकी वेळी मात्र वहीच्या पानावर लिस्ट करून दुकानदाराकडं द्यायची आणि नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घ्यायची. तिच्यावर बॉलपेननं नुसतं 'पॉप हिट' लिहिलेलं, आणि साइड संपली की शेवटचं गाणं मध्येच कट. नावं जायला सुरुवात तिथूनच झाली असं मला वाटतं. पुढं एका सीडीत शंभर-दीडशे गाणी कोंबून बसस्टँडवर विकायला आली, तिथं तर गाणं कुणाचं हे विचारायची सोयच नव्हती.

आणि रेडिओ काय करत होता बघा. आमच्याकडं सकाळी धारवाड लागायचं, कधी सांगली, एकीकडं कानडी, एकीकडं मराठी, पण गाण्याच्या आधी निवेदिका गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं न चुकता सांगायची. आमच्या आईला लिहितावाचता फारसं येत नव्हतं पण कुठल्या गाण्याची चाल कुणाची ते तिला माहिती असायचं, ते यामुळंच. आताच्या एफएमवर तासभर 'नाइंटीजची जादू' चालू असते, आरजे मध्ये दहा वेळा स्वतःचं नाव घेतो, पण गाणं करणाऱ्याचं एकदाही नाही. गणपतीत मंडळाच्या साउंडवर तर विचारूच नका, तिथं गाणं कुठलं आहे तेच कळत नाही, नुसतं धडाड धडाड.

म्हणून एकच विनंती, लेखमाला चालू ठेवणार असाल तर प्रत्येक गाण्याखाली एक बारीक ओळ छापा, गीत अमुक, संगीत तमुक, साल एवढं. जागा लागत नाही हो, एखादा फोटो थोडा लहान करा.

पुढच्या भागात दलेर मेहंदी येणार असं खाली दिलंय. चांगलं आहे. फक्त 1998 चं 'तुनक तुनक तुन' घ्याल तेव्हा हे पण लिहा, की याचे व्हिडिओ पोरी नाचतात म्हणून चालतात असं लोक बोलायला लागले, तेव्हा यानं त्या व्हिडिओत दुसरं कुणीच घेतलं नाही, नाचणारे चारही जण स्वतःच झाला. तिथं तरी नाव गाळू नका, पाहिजे तर चार वेळा छापा.

आपला नेहमीचा वाचक,
शहापूर, बेळगाव